पेन्शनचं नाव घेऊन आणलेला चाकू

जुन्या वायरमनच्या चाकूला एक वास असतो. ट्रान्सफॉर्मरचं तेल, खिशातली तंबाखू, घाम, आणि पात्याच्या सांध्यात वर्षानुवर्षं बसलेला काळा चिकट मळ. सुईने तो मळ उकरून काढण्यात मी कितीतरी दुपारी घालवल्या, आणि खरं सांगायचं तर आवडीने घालवल्या. आता नुसती आठवणही नकोशी होते. असं का झालं ते सांगते.

मी वीज कार्यालयात कारकून होते. मालवणात घर, मालवणातच नोकरी. तीस-बत्तीस वर्षं सकाळी चालत जायचं आणि संध्याकाळी चालत यायचं. वायरमन आणि लाईनमन लोकांच्या रजा, बदल्या आणि शेवटी निवृत्तीचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. निवृत्त होणाऱ्याने ऑफिसचं सामान जमा करायचं असतं. कमरेचा पट्टा, हातमोजे, पक्कड, असली तर शिडी. चाकू मात्र ज्याचा त्याचा. ऑफिसने तो कधी कुणाला दिलाच नव्हता, त्यामुळे जमा करायच्या यादीतही तो नसायचा. ही यादी मला तोंडपाठ होती.

पहिला चाकू मला स्टोअरच्या खोलीत मिळाला. एक जुनं कपाट हलवलं तेव्हा मागून पत्र्याचा डबा निघाला. डब्यात मेलेली झुरळं, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि गंजून बंद झालेला एक चाकू. शिपायाने नाक दाबलं. "शी! बाई, टाकून देतंय ह्या." मीही तोंड फिरवलं होतं, पण तेवढ्यात मुठीवर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं दिसली. कागदात गुंडाळून घरी नेला आणि दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. उघडला तेव्हा दोन पाती निघाली. एक तार सोलायचं, धारदार; दुसरं बोथट टोकाचं, स्क्रू फिरवायला. मूठ शिसवीची, अंगठा टेकतो तिथे खोलगट झिजलेली. एका माणसाने हे आयुष्यभर हातात धरलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

मग नादच लागला. निवृत्त होणाऱ्याला मी चाकूचं विचारायची, आणि बहुतेक जण हसत देऊन टाकायचे. एकाने तर निरोपसमारंभात हारासकट माझ्या टेबलाशी येऊन चाकू ठेवला. "घेवा बाई. घरात ठेवलो तर नातू बोट कापून घेतलो." शिलाई मशीनच्या खणात माझे चाकू वाढत गेले. मुलगी पुण्याला, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. कुणी टोकणारं नव्हतं. मी स्वतः निवृत्त झाले तेव्हा वीस-बावीस चाकू झाले होते आणि प्रत्येकाचा मालक मला ठाऊक होता. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

मुलीने मला जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तिथे मी तीन-चार चाकूंचे फोटो टाकले आणि दुसऱ्याच दिवशी कुडाळच्या एका गृहस्थांचा फोन आला. मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी आलेले. त्यांच्याकडे नेमका हाच संग्रह होता, साठाच्या वर. बोलणं अतिशय शुद्ध आणि मऊ. "मॅडम, तुम्हाला दृष्टी आहे," असं ते पहिल्याच फोनवर म्हणाले. नोकरीत कुणी मला दृष्टी असल्याचं म्हटलं नव्हतं. मी भुलले.

त्यांचा संग्रह बघायला मी कुडाळला गेले. काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर चाकू ओळीने मांडलेले होते. सगळे चकचकीत. इतके चकचकीत, की एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येईना. मागच्या पडवीत त्यांनी पॉलिशचं मशीन बसवलं होतं. चाकू आला की ते मूठ उकळत्या सोड्यात टाकत, पाती घासत, कोरलेली अक्षरं असली तर तीही घासून काढत. सोड्याचं तपकिरी, दाट पाणी तिथेच पातेल्यात होतं, वर माणसाच्या अंगाच्या तेलाचा तवंग. "हे बघा, चाळीस वर्षांचा मळ," ते कौतुकाने म्हणाले आणि पातेलं माझ्या नाकाशी आणलं. मी तोंड फिरवलं.

"अक्षरं का काढता?" मी विचारलं.

"कुणाची अक्षरं, मॅडम? माणूस गेला. वस्तू राहिली."

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि लगेच आत गेली. मला तेव्हाच हा सगळा प्रकार खटकला होता. पण परत येताना बसमध्ये मी माझ्याच मनाची समजूत काढत होते की प्रत्येकाची आपली पद्धत असते. कौतुक करणारं माणूस सहजी सोडवत नाही.

आमच्या ऑफिसात एक वायरमन होते, आसपासच्या चार गावांत नावाजलेले. वादळात खांब आडवे झाले तेव्हा तीन दिवस हा माणूस तारांवरून उतरला नव्हता, असं लोक सांगत. त्यांचा चाकू मला पहिल्यापासून हवा होता. मामा जहाजावर खलाशी, त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून आणून दिलेला. मूठ काळ्या कडक रबराची, शेवटाला जाड पितळी कडी, आणि दोन पात्यांखेरीज भोक पाडायचं एक टोक. निवृत्तीच्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्यांनी चाकू खिशात ढकलला. "ह्यो नाय बाई. ह्यो माझ्यावांगडा जातलो." चाकू बरोबर घेऊनच मरणार म्हणे. सगळे हसले, मीही हसले.

ते वारल्याची बातमी कुडाळच्या गृहस्थांना मीच दिली. बोलण्याच्या ओघात चाकूचंही सांगितलं. हे मी कुणावर ढकलू शकत नाही. त्यांनी विचारलं, "किती महिने झाले म्हणालात?"

"सहा तरी झाले असतील."

"मग आता जायला हरकत नाही."

गाव कसालहून आत होतं. मी मालवणहून बसने कसालला उतरले, ते कुडाळहून गाडी घेऊन आले. रस्ताभर ते मुठीच्या रबराबद्दल विचारत होते. वायरमनची बायको अंगणात सुपारी वाळत घालत होती. उंच, हडकुळी बाई, डोक्यावर पदर. मला तिने ओळखलं, ऑफिसात एक-दोनदा आली होती. "येवा, बसा," म्हणाली आणि आतून पाण्याचा तांब्या आणला. मी मनात बोलणं जुळवत होते: तुमच्या माणसाची आठवण म्हणून, जपून ठेवीन, असं काहीतरी. तोंड उघडायच्या आत कुडाळच्या गृहस्थांनी पाकिटातून एक कागद काढला. कोरा होता की काय होता मला माहीत नाही.

"आम्ही ऑफिसकडून आलोत," ते म्हणाले. आवाज बदलला होता, साहेबाचा झाला होता. "यजमानांच्या नावावर सामान जमा व्हायचं राहिलंय. एक चाकू. तेवढा आला नाही तर तुमच्या पेन्शनच्या फाईलला अडचण येईल."

बाईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "असा आसा काय, बाई?"

मी नाही म्हणू शकले असते. नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, "हो. तसं असतं."

ती उठली. घरात न जाता मागे न्हाणीकडे गेली. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिच्या दोन बोटांत प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि हात अंगापासून लांब धरलेला, मेलेला उंदीर टाकायला नेताना धरतात तसा. पिशवी तिने गृहस्थांच्या पायाशी जमिनीवर ठेवली आणि पदराला हात पुसले. मला वाटलं, दुःख असेल. नवऱ्याची वस्तू हातात घेववत नसेल.

गाडीत बसल्यावर गृहस्थ हसायला लागले. हसणं आवरेना त्यांना. "पेन्शनचं नाव काढलं की बघा कसं लगेच निघतं." त्यांनी चाकू बाहेर काढला, पातं उघडलं. सांध्यात माशाचे वाळलेले खवले चिकटले होते आणि काहीतरी तपकिरी, केसासारखं. त्यांनी ते नखाने उकरलं, बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि डोळे मिटले. "अस्सल!" म्हणाले.

कसालला त्यांनी गाडी थांबवून पेरू घेतले. चाकू धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, त्याच पात्याने पेरूच्या फोडी केल्या, आणि एक फोड पात्यावरच ठेवून माझ्यापुढे केली. "घ्या मॅडम. मुहूर्त करू."

त्या फोडीच्या पांढऱ्या गरावर काळी रेघ उमटली होती. मी खाली उतरले, दुकानामागच्या गटाराशी गेले आणि सकाळचं सगळं बाहेर पडलं. गृहस्थांनी पाण्याची बाटली आणून दिली. उन्हाचा त्रास झाला असेल, म्हणाले. बाटली देणारं तेच बोट होतं. मी बाटली घेतली नाही, येणाऱ्या बसला हात केला.

पुढचे दोन-तीन दिवस मी मासे केले नाहीत. विळीकडे बघवत नव्हतं. पण पेरूच्या फोडीपेक्षा मला माझे तीन शब्द जास्त छळत होते. "हो. तसं असतं." तीस वर्षं मी विधवांना पेन्शनचे कागद समजावून दिले होते. घाबरून आलेल्या कितीतरी बायकांना आधी पाणी दिलं होतं. आणि एका चाकूसाठी मी त्याच भीतीचा उपयोग होऊ दिला. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. आठवडा संपायच्या आत मी कुडाळला गेले.

गृहस्थ पडवीत मशीनवरच होते. चाकू कपाटात गेलासुद्धा होता. आरशासारखा. पितळी कडी नव्या दागिन्यासारखी लखलखत होती.

"मला तो परत द्या," मी म्हटलं. "त्या बाईला नेऊन देते."

"आता? अहो, एवढं काम केलंय त्याच्यावर. आणि तुम्हीच तर हो म्हणालात."

"म्हणाले. तेही तिला सांगणार आहे. आपण खोटं बोललो, असा काही नियमच नाही, हे सांगणार आहे."

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. बसा. चहा घ्या."

त्यांची बायको दारात उभी होती. किती ऐकलं तिने कोण जाणे. "कसला नियम?" तिने विचारलं. मी सांगितलं, सगळं, पेन्शनसकट. गृहस्थ मध्ये मध्ये "तसं नाही" म्हणत होते. तिने ऐकून घेतलं, बाहेरच्या खोलीत गेली, काचेचं कपाट उघडलं आणि विचारलं, "ह्यातला कुठला?" मी दाखवला. तिने पदराच्या टोकाने उचलून माझ्या हातावर ठेवला.

"न्या," ती म्हणाली. "सगळेच नेलेत तरी चालतील. घरभर वास येतो ह्यांचा. जेवण जात नाही मला."

गृहस्थ पडवीत वळले. मशीन त्यांनी पुन्हा सुरू केलं.

कसालहून आत रिक्षा करून मी त्या बाईच्या घरी पोचले. ती ओटीवर बसून सुपाऱ्या सोलत होती. या वेळी "बसा" म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. चाकू ऑफिसचा नव्हता, पेन्शनला काही होणार नव्हतं, आम्ही खोटं बोललो आणि मी त्याला हो म्हटलं. चाकू रुमालातून काढून पुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"माका म्हाईत होता," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पेन्शन सुरू होऊन दोन महिने झाले. बँकेत जावन मीच आणतंय. चाकवाक आनी पेन्शनीक काय संबंध?"

"मग दिलात का?"

"घरातसून गेलो तर बरो म्हणान." तिने सुपारीचं टरफल टोपलीत टाकलं. "मागलास असतास तरी दिलंय असतंय. तुमका खोटा बोलूची काय गरज होती?"

मला वाटलं होतं की ती रडेल, चिडेल, चाकू छातीशी धरेल. माझ्या डोक्यात हेच चित्र होतं. मी विचारलं, एवढा नकोसा का? तिने आणखी एक सुपारी उचलली. मग बोलायला लागली ती खाली सुपारीकडे बघत, अडकित्त्यासारख्या तुटक शब्दांत.

त्याच चाकूने नवरा मासे साफ करायचा, त्यानेच पायाची कुरुपं काढायचा, आणि न धुता जेवायला बसल्यावर त्यानेच तिच्या ताटात आंबा कापायचा. तिने तोंड वाकडं केलं की पातं उघडं ठेवून पानाशेजारी मांडायचा आणि म्हणायचा, "खा." ती खायची. लग्न झाल्यापासून पुढची सगळी वर्षं. एकदा आई आजारी म्हणून न विचारता माहेरी दोन दिवस राहिली. परत आली तेव्हा तो अंगणातच होता.

"माझी वेणी कापल्यान," ती म्हणाली. "हयसर, अंगणात. शेजारची माणसा बघत होती. ह्याच चाकवान. केस तेच्या सांध्यात अडाकले तर माकाच काढूक लावल्यान."

मला गाडीत पात्याच्या सांध्यात दिसलेलं ते तपकिरी, केसासारखं आठवलं. ते तिचं असणं शक्य नव्हतं, मधे इतकी वर्षं गेली होती. तरी हातातला चाकू एकदम गार, ओला लागला.

आणि मग दुसरं आठवलं, ते जास्त वाईट होतं. ऑफिसात एकदा सकाळच्या चहाला लाईनमन मंडळी पोट धरून हसत होती. "काल ह्यांनी घरची केबल तोडली!" कुणीतरी म्हणालं, आणि हे वायरमन मिशीत हसत उभे होते. मला वाटलं, घरची लाईन काही कारणाने बंद केली असेल. केबल म्हणजे बायकोची वेणी, हे आत्ता कळत होतं; तेव्हा मी विचारलं नाही. सगळे हसत होते म्हणून हसले, आणि हसत हसत कप पुढे केला होता. त्यानंतर काही दिवसांनी ही बाई कसल्यातरी सहीसाठी ऑफिसात आली तेव्हा तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता, हेही मला आठवलं. मी तिला म्हटलं होतं, "तुमचे यजमान म्हणजे आमच्या ऑफिसची शान."

हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं धाडस झालं नाही.

"हा मी काय करू?" मी चाकूबद्दल विचारलं.

"तुमका काय करूचा ता करा. हयसर ठेवू नकात." मग तिने पहिल्यांदा मान वर केली. "आनी एक सांगतंय, बाई. पेन्शनीचा नाव घेवन परत खंयच्या बायकोच्या दारात जाव नकात. माका म्हाईत होता म्हणान बरा. दुसरी असती तर भियान मेली असती."

"नाही जाणार," मी म्हटलं.

तिने चहा विचारला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या परक्यालासुद्धा चहा विचारतात. मी चपला घातल्या आणि निघाले.

कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात रस्त्याकडेला एक भंगारवाला बसतो. पुढच्या खेपेला मी तो चाकू त्याच्या ढिगावर टाकला. त्याने उचलून बघितलं, "चांगलो आसा मगे, टाकतास कित्याक?" म्हणाला. मी म्हटलं, वितळवायला जाऊ दे. तो वितळला की कुणी उचलला मला माहीत नाही. एवढी चकाकी असलेली वस्तू भंगारात फार दिवस राहत नसावी.

शिलाई मशीनच्या खणातले बाकीचे चाकू मी त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडले. त्यातल्या प्रत्येक मुठीवरचा झिजलेला खळगा मी आजवर कष्टाची खूण म्हणून बघत आले होते. आता एकेक चाकू हातात घेताना मनात एकच प्रश्न येत होता: ह्याने आणखी काय काय कापलं असेल? आठ-नऊ मालक अजून हयात होते. त्यांना फोन केले. चौघांनी चाकू परत नेले. त्यातला एक म्हातारा दारातच चाकू उघडून, पात्यावर बोट फिरवून इतका खूश झाला की मला वाईट वाटलं. कदाचित हा माणूस अगदी साधा, भला असेल आणि मी उगाच त्याच्याकडे संशयाने बघते आहे. पण संशय एकदा शिरला की कुणाचंच तोंड स्वच्छ दिसत नाही. बाकीच्यांनी नको म्हटलं. ते चाकू अजून खणात आहेत. कपडे शिवायला मी मशीन वापरते, तो खण उघडत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. कुडाळच्या गृहस्थांचा नंबरही काढून टाकला, तरी दिवाळीला कुठल्यातरी नव्या नंबरवरून त्यांचा संदेश आला: शुभेच्छा, आणि खाली मखमलीवरच्या एका चाकूचा फोटो. "देवगडकडे मिळाला," असं लिहिलं होतं. कसा मिळाला ते लिहिलं नव्हतं. मी ताबडतोब पुसून टाकला.

मागच्या महिन्यात मालवणच्या मासळीबाजारात ती बाई दिसली. लेकीकडे आली असावी, बरोबर एक तरुण बाई होती. डोक्यावर पदर नव्हता, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करेल. मीच नजर चुकवून एका मासेवाल्याच्या बांगडे भरलेल्या टोपलीपुढे वाकले आणि भाव विचारायला लागले. ती मागून जाता जाता थांबली.

"तेच्याकडचे घेव नकात," ती म्हणाली. "कालचे आसत." आणि लेकीच्या मागोमाग पुढच्या रांगेत गेली.